दिवा कोठे धरावा?

शास्त्रभाग : स्तोत्र १०४:२०-२३

रात्रही देवाचीच आणि सिंहाच्या भुकेची काळजीही त्यालाच, असे स्तोत्रकर्ता आपल्याला शिकवतो. झांबियातील साऊथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात रात्री मोटारीतून, प्रखर दिव्याच्या उजेडात वन्य पशू दाखवतात. छायाचित्र घेणारा कॅमेऱ्याचे छिद्र मोठे करतो, शटर जास्त वेळ उघडे ठेवतो, श्वास रोखून थांबतो. पण जाणता वाटाड्या इम्पाला हरणाच्या डोळ्यांवर दिवा रोखत नाही. हरिण दिपते, जागीच खिळते, आणि काळोखात दबा धरलेल्या सिंहाचे आयतेच फावते. चित्र मिळते, जीव जातो.

बंधुभगिनींनो, आपल्याही हाती प्रभूने दिवा दिला आहे. मंडळीतील एखादा दुर्बळ भाऊ पडला, शब्बाथ शाळेतील एखादे मूल चुकले, तर आपण तो त्याच्या तोंडावर रोखतो की त्याच्या वाटेवर धरतो? चारचौघांत उघडा पडलेला माणूस दिपून उभा राहतो आणि निंदेच्या तोंडी जातो. म्हणूनच मत्तय १८:१५ मध्ये प्रभू आपल्याला आधी एकांतात जायला सांगतो. सत्य झाकू नये; पण त्या उजेडात भावाला पुढचे पाऊल टाकता आले पाहिजे.

असा दिवा धरण्यास प्रभू आपल्याला साहाय्य करो. आमेन.