उरलेले अर्धे कागद

श्रोतेहो, तुकोबारायांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, ही कथा तुम्ही कैक वेळा ऐकली आहे. पण परंपरेतला एक बारकावा आम्ही कीर्तनकार घाईत सोडून देतो. बुडाली ती अर्धीच. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हवाली केला आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात टाकली. उरलेल्या अर्ध्यांचे काय?

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्याआधी आठच वर्षे, १८६७ साली, मार्क्स नावाच्या जर्मन पंडिताने आपल्या 'भांडवल' ग्रंथाचा पहिला खंड छापला. पूर्वपक्ष म्हणून त्याचे म्हणणे नीट ऐकावे. मजूर राबून जेवढे मोल निर्माण करतो त्याहून कमी त्याच्या हाती पडते; मधले उरते ते धन्याचे, आणि त्यावरच भांडवल पोसते. तो देव मानीत नव्हता. नसो बापडा! हिशेब मानीत होता, आणि चित्रगुप्ताच्या घरीही हिशेबच आहे.

आपल्याकडे उत्तर निघाले ते सहकाराचे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुढे प्रवरेला विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ, आमच्या कोल्हापुरात वारणेला तात्यासाहेब कोरे, पंचगंगेकाठी रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी कारखाने उभे केले. शेअर शंभर असोत की एक, सभासदाला मत एकच. हा तर गोपाळकाला! साऱ्यांच्या शिदोऱ्या एका ठिकाणी, मग ही भाकर कोणाची हे विचारायचे नाही. (कोणी म्हणेल, महाराज, काल्यात संचालकांचाच हात आधी जातो. जात असेल, तर तो सभासदांनी धरावा.)

पण कार्तिकीच्या सुमारास फडात बीडकडची मंडळी येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसे मोजायची ती हत्यारावरून! मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेतो तोडायचे. नाही फिटली तर पुढच्या हंगामावर. उरलेल्या अर्ध्यातलाच हा कागद नव्हे काय? त्यांना शेअर नाही, मत नाही. कित्येकांच्या गळ्यात माळ आहे, आणि त्यांची कार्तिकी चुकते ती आपल्या उसापायी.

गेल्या हंगामात एका गावी काल्याचे कीर्तन चालले होते. मंडपाबाहेर खोपीवरची एक बाई पोर काखेला घेऊन उभी. "माउली, आत या," म्हटले. "नको महाराज, गाडी भरायचीय."

प्रसाद मी बाहेर नेऊन दिला. मग पंगतीत बसलेल्या सभासदांना विचारले, येत्या वार्षिक सभेत उचलीचा विषय कोण काढणार? दोन हात वर आले. त्या दोघांची नावे मी वहीत लिहून घेतली आहेत.