युतुखाने उरलेलं भाषण ऐकलं का?

आजचं वचन: प्रेषितांची कृत्ये 20:7-12



त्रोवसची ही गोष्ट आपण बहुतेक हसतच सांगतो. पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, खिडकीत बसलेल्या युतुखाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लांब उपदेश करणाऱ्या पाळकांना चिडवायला बरी आहे. पण मी अडतो ते पुढे. पौल भाषण थांबवून खाली उतरतो, मुलाला कवटाळतो. मग वर जाऊन भाकर मोडतो, पहाटेपर्यंत बोलतो. आणि युतुख? मुलगा जिवंत आहे म्हणून सगळ्यांना समाधान वाटलं, एवढंच लूक लिहितो. उरलेलं भाषण त्याने ऐकलं की नाही, यावर एक शब्द नाही.

आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न तोच असतो. पोरं तरुण संघात टिकत का नाहीत? फुलचूर गोंदियाला लागूनच. दहावी आली की रविवारी क्लासची टेस्ट, बारावी झाली की नागपूर नाहीतर पुणे. मीही तसाच गेलो. जी मुलं जाणारच आहेत, त्यांना 'टिकवणं' म्हणजे नेमकं काय?

आम्ही ॲपवाले लोक यूजर किती दिवसांनी परत आला ते मोजतो. त्याला रिटेन्शन म्हणतात. मंडळीत कोणी हा शब्द वापरला की मला धास्तीच वाटते. गिटार, कॅम्प, समोसे सगळं असू द्या, मला गिटार आवडते. पण "माझे वर्गातले हिंदू, बौद्ध मित्र नरकात जाणार का?" असं नववीतला मुलगा विचारतो, आणि त्याला "मीटिंगनंतर बोलू" म्हणतात. मीटिंगनंतर कोणी बोलत नाही. तो पुढचे चार रविवार येतोही, हजेरीत त्याचं नाव असतं. खिडकीतून तो केव्हाच पडलेला असतो.

ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आपल्या गोंदियावरून जाणाऱ्या याच रेल्वेमार्गावर. एका युरोपियन सहप्रवाशाने दिला. टिळक तेव्हा तिशीतले, पोरसवदा नव्हेत, हे मान्य. पण देणाऱ्याकडे हजेरीपट नव्हता. समोरचा पुढे कुठेतरी उतरणारच होता. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले, प्रश्न करत राहिले. बाप्तिस्मा 1895 मध्ये, मुंबईत.

मग पोरांना सोडून द्यायचं? नाही ना. पौल खाली उतरला, तेही चालू कार्यक्रम थांबवून. आपल्याला हेच जड जातं. कार्यक्रम संपल्यावर वेळ असतो, मधेच नसतो. तुमच्या संघातलं जे पोर सध्या येत नाहीये, त्याला आज फोन करा. "रविवारी ये" हे वाक्य न वापरता बोलून बघा. मला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या पुढे जमलं नव्हतं.

प्रार्थना: प्रभू येशू, यंदा बारावी देऊन गाव सोडणाऱ्या आमच्या मुलामुलींना सांभाळ. त्यांनी विचारलं तर थांबायला आम्हाला शिकव. आमेन.