माळ्यावरचा थर्माकोल



मागच्या पंधरवड्यात आपल्या चर्चचा माळा साफ केला. मोडक्या खुर्च्या आणि जुन्या पंख्यांच्या मागे नाताळच्या गोठ्यांचे कितीतरी वर्षांचे सामान निघाले. थर्माकोलचे डोंगर, कमानी, चांदण्या, बेथलेहेमची घरे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतले तुकडेही होते. कधीतरी उपयोगी पडतील म्हणून कोणी कोणी आणून ठेवलेले. भंगारवाल्याला बोलावले. त्याने पंखे नेले, खुर्च्या नेल्या. थर्माकोलला मात्र हातही लावला नाही.

त्याचे काय चुकले? भंगार वजनावर विकले जाते आणि थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवा असते. टेम्पो भरून नेला तरी काट्यावर काही किलोच भरणार. कचरा वेचणाऱ्या बाईलाही तो परवडत नाही. म्हणून तो मागे राहतो, नाल्यात जातो आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाडीला लागतो. गोराईच्या खाडीकाठी कांदळवनाच्या मुळांत अडकलेले पांढरे दाणे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या गटारांनी काय केले तेही आपण विसरलेलो नाही.

मग या ढिगाचे करायचे काय? जाळावा, असे एकाने सुचवले. ते तर मुळीच नको. थर्माकोल जळताना निघणारा काळा धूर विषारी असतो, आणि तो आपल्याच शेजाऱ्यांच्या घरात शिरतो.

आपल्यातल्या गवंडीकाम करणाऱ्या एका बांधवाने दुसरा मार्ग सांगितला. हॉलच्या गच्चीचा कोबा नव्याने करायचाच आहे. थर्माकोलचा बारीक चुरा करून सिमेंट-वाळूत मिसळला, तर भर हलकी होते आणि खालच्या खोलीत ऊन कमी उतरते. आपली मुले एप्रिल-मे महिन्यांत तिथेच बसतात. ही काही नवलाची गोष्ट नाही. थर्माकोलचे दाणे घातलेले हलके काँक्रीट जगात अनेक ठिकाणी वापरतात. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत ‘लाइट हाउस’ गृहप्रकल्पांची पायाभरणी झाली. त्यांपैकी इंदूरच्या १,०२४ घरांसाठी अशाच जातीच्या तयार सँडविच पॅनेलच्या भिंती निवडल्या गेल्या.

हे ऐकून आपल्या युवकांपैकी एकाने विचारले, “फादर, शेवटी सिमेंटमध्येच जाणार असेल, तर यंदाचा गोठा थर्माकोलचा करायला काय हरकत आहे? विकत नाही घेणार, खोक्यांतलाच वापरू.” प्रश्न प्रामाणिक होता. कायदा सांगून आम्ही तो तिथेच मिटवू शकलो असतो. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये बंदीची अधिसूचना काढली. त्या वर्षी गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी म्हणून थर्माकोलचे व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले; ती मिळाली नाही. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. पण कायदा ‘करू नका’ एवढेच सांगतो. का करू नये, हे आपले आपल्याला उमगावे लागते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हांला शिकवला होता. कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर ती कशाची बनली आहे हे पाहावे, आणि ती कशासाठी आहे हेही पाहावे. द्रव्य आणि हेतू. थर्माकोलच्या ताटलीला हा विचार लावून पाहा. तिचा हेतू अर्ध्या तासात संपतो. द्रव्य मात्र आपल्या नातवंडांच्या पुढेही टिकते. आमच्या मते खरा दोष या विजोडपणात आहे. थर्माकोल मुळात वाईट नाही. देवाच्या सृष्टीतल्या तेलातूनच माणसाच्या बुद्धीने तो घडवला आहे. आपल्या कोळी भगिनी मासळी-बर्फासाठी थर्माकोलची पेटी वापरतात, चिकटपट्टी लावलावून ती पुन्हा पुन्हा चालवतात. तिथे वस्तू आणि काम यांची जोडी बरी जमते. चुरा कोब्यात गेला तर तीच जोडी जमेल. जे कुजत नाही, त्याला टिकण्याचेच काम द्यावे. हा त्या वस्तूला न्याय आहे आणि खाडीलाही.

पण झालेली चूक निस्तरणे वेगळे आणि निस्तरता येते म्हणून चूक करणे वेगळे. पापाची क्षमा मिळते म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात विचारला आहे. तेच इथेही लागू आहे. गच्ची एकदाच होईल, नाताळ मात्र दरवर्षी येईल. शिवाय एक गोष्ट सहज नजरेआड होते. बांधकामाच्या पॅनेलसाठी साधारणपणे कारखान्यातले नवे दाणे वापरतात. त्यामुळे थर्माकोलची भिंत उभी राहिली म्हणजे कचरा कमी झाला, असे होत नाही. खाडीतला एक तुकडा उचलला गेला तरच तो कमी होतो.

दुसरी सावधगिरी माणसांविषयी. असे काँक्रीट हलके असते तसेच कमजोरही असते. खांब, तुळई, भार घेणारा स्लॅब यांत ते घालू नये. दाणे पाण्यावर तरंगतात, म्हणून मिश्रण नीट व्हावे लागते. उघडा थर्माकोल चटकन पेट घेतो, म्हणून वर सिमेंटचा पुरेसा थर हवा. हे न पाळता ‘स्वस्तात होते’ म्हणून तो गरिबाच्या घरात भरला, तर आपण कचरा संपवला नाही. फक्त त्याची जागा बदलली. आपल्या शहराला ही सवय जुनी आहे. गोराईची कचराभूमी २००७ साली बंद झाली, मुलुंडची २०१८ साली. आपल्या दारचा वास गेला. कचरा मात्र दुसऱ्याच्या दारी जाऊ लागला.

म्हणून असे ठरवले आहे. माळ्यावरचा थर्माकोल इंजिनिअरचा सल्ला घेऊन गच्चीच्या कोब्यात जाईल, आपल्याच डोक्यावर. चुरा करायला येणाऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधून बंद खोलीत काम करावे; एकही दाणा गटारात जाता कामा नये. आणि यंदाचा गोठा गवत, बांबू, गोणपाट यांचा होईल. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेचिओ गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा तिथे खरे गवत होते आणि खरी जनावरे होती. गवताची किंमत गाईबैलांना ठाऊक असते. सण संपल्यावर माळ्यावर ठेवायला काही उरत नाही.

युवकांनो, डोंगर थोडा वाकडा झाला तरी चालेल.

आपले धर्मगुरू