खांबाला हात कोणाचे लागले?



माझा पुतण्या हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. कामानिमित्त त्यास युरोपात धाडले होते. तेथून चार दिवस सुटी काढून तो ग्रीस देशी अथेन्सला जाऊन आला. घरी आल्यावर ओसरीवर बसून मला म्हणाला, "काका, तिथं टेकडीवर एक पडकं देऊळ आहे, पार्थेनॉन म्हणतात. छप्पर नाही, मूर्ती नाही, पूजा-आरती तर नाहीच. तरी मी दोन तास नुसता पाहत उभा होतो आणि नकळत हात जोडले गेले. गळ्यात माळ आहे माझ्या. चुकलं का हो माझं?"

प्रश्न साधा, पण उत्तर चटकन देता येईना. मारुंजीच्या आमच्या भजनी मंडळात विषय काढला. एक वडीलधारे माळकरी म्हणाले, "ज्या देवळात देव नाही त्याला नमस्कार कसला? तो दगडाला झाला." दुसरे म्हणाले, "अहो, कारागिरीला नमस्कार करायला काय हरकत आहे? कलाही देवाचीच." दोघांचेही म्हणणे मला अर्धे पटले, अर्धे पटले नाही. दगडाला झाला म्हणावे, तर त्या दगडावर कोणीतरी जन्म घालविला आहे. कारागिरीला झाला म्हणावे, तर तो कारागीर कोण, हे आपण कधी विचारतो काय?

आता त्या देवळाची हकिगत ऐका. ते संगमरवरी देऊळ इ.स.पूर्व ४४७ मध्ये बांधावयास घेतले आणि इ.स.पूर्व ४३२ पर्यंत त्याचे कोरीव काम पुरे झाले. बाहेरच्या बाजूस समोर आठ आणि लांबीला सतरा खांब. नवल असे की त्यात सरळ रेघ जवळजवळ नाहीच. जोते मध्यभागी किंचित उंच, खांब पोटाशी किंचित फुगीर आणि आतल्या अंगास थोडे कललेले. आपला डोळा फसतो हे त्या गवंड्यांस ठाऊक होते. डोळ्यास समाधान वाटावे म्हणून त्यांनी दगडास बाक दिला. पुढे काळ फिरला. देवळाचे चर्च झाले, मग मशीद झाली, आणि इ.स. १६८७ च्या लढाईत आत साठविलेल्या दारूगोळ्याचा भडका उडून मधला भाग उडाला.

पण माझ्या मनास लागली ती दुसरीच गोष्ट. त्याच टेकडीवर एरेक्थिऑन नावाचे दुसरे देऊळ आहे. त्याच्या बांधकामाचा हिशेब त्या लोकांनी दगडावर कोरून ठेवला. कोणी खांबास पन्हळी पाडल्या, कोणी लाकूडकाम केले, कोणास किती मजुरी दिली, सारे नावानिशी. नगराचे नागरिक, परगावाहून येऊन राहिलेले आणि गुलाम एकाच खांबापाशी काम करीत, आणि मजुरीचा दर पुष्कळदा सारखाच, दिवसाला एक द्राक्मा. म्हणजे तेथे सगळे गोड होते असे मात्र नव्हे. गुलामाची मजुरी बहुधा त्याच्या धन्याच्या हाती जाई. छिन्नीचा घाव सारखा, नाणेही सारखे, पण एकाचे पोट त्याचे स्वतःचे आणि दुसऱ्याचे धन्याच्या मर्जीवर!

मी पुतण्यास म्हटले, "उत्तर हवे ना? चल, कार्ल्याला जाऊ." लोकलने मळवली गाठली आणि डोंगर चढलो. वर एकवीरा आईच्या दर्शनाला रांग लागलेली. आईला नमस्कार केला आणि शेजारच्या लेण्यात शिरलो. रांगेतली माणसे क्वचितच तिकडे वळतात. मीसुद्धा पूर्वी दोन वेळा आईचे दर्शन घेऊन तसाच खाली उतरलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेले ते चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांचे. लांबी अंदाजे १२४ फूट, रुंदी ४५ फूट, उंचीही तितकीच. आत ३७ खांब. बहुतेकांच्या तळाशी घट, वर हत्ती आणि हत्तींवर बसलेली माणसे. छताला लावलेल्या सागवानी कमानी अजून जागेवर आहेत. ग्रीकांनी दगडावर दगड रचून देऊळ उभे केले, येथे डोंगरातला नको तो दगड काढून टाकला आणि उरले ते देऊळ. येथे सांधा नाही. एक घाव चुकला तर दुसरा दगड आणून बसविण्याची सोय नाही. पुतण्या मान वर करून पाहतच राहिला. म्हणाला, "काका, हे घराजवळ असून मी अथेन्सला आधी गेलो!"

मग त्यास खांबांवरील ब्राह्मी अक्षरे दाखविली. त्यांत दात्यांची नावे आहेत. धेनुकाकट या गावच्या सिहधय नावाच्या यवनाने एक खांब दिला आहे. धम्म नावाच्या यवनाचाही खांब आहे. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक, किंवा तिकडून पश्चिमेकडून आलेला परदेशी. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, अत्तरे विकणारा गंधिक आहे, आणि दाराचे काम करणारा सामी नावाचा सुतारही आहे. शेठ, परदेशी, गंधी, सुतार, सगळ्यांची नावे एकाच छपराखाली. ज्याने दिले त्याचेही नाव, ज्याने घडविले त्याचेही नाव.

हे पाहताना मला पंढरीचे महाद्वार आठवले आणि मान खाली गेली. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर होते. शके १२६० मध्ये ती भिंत कोसळली आणि त्यांचा देह तिच्याखाली गेला. गावाची भिंत बांधावयास त्यांचे हात चालले, देवळाच्या उंबरठ्याआत मात्र त्यांचे पाय चालले नाहीत! नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी बांधली, आणि स्वतः पायरीशी जागा मागितली. तरी ते दार सर्वांस उघडावयास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींस प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे आपण त्या मंदिराची शोभा वर्णीत होतो. शोभा खोटी नव्हती, पण आपली नजर अपुरी होती.

ही जुनी गोष्ट झाली असे म्हणून सुटका करून घेऊ नये. आमच्या गावाकडे आता शेतांच्या जागी मोठमोठ्या इमारती उभ्या राहत आहेत. बांधणारी माणसे दूरदेशची, पत्र्याच्या खोल्यांत राहणारी. एका मंदिराच्या सभामंडपाचे काम निघाले तेव्हा असेच एक गवंडी नवराबायको कामाला होते. फरशी अशी बसविली की पाणी ओतले तर अडू नये. काल्याच्या दिवशी पंगती बसल्या. वर्गणीदारांची नावे कोरलेली पाटी भिंतीवर लागली, तीत माझेही नाव होते. ती दोघे पोराला घेऊन वाळूच्या ढिगापाशी उभी होती. मी त्यांस पाहिले. वाटले, कोणीतरी बोलावील. तो कोणीतरी मीच होतो, हे घरी येऊन हात धुताना सुचले. दुसऱ्या दिवशी गेलो तर खोली रिकामी. दुसऱ्या कामावर गेली म्हणाले. त्यांचे नाव मला आजही ठाऊक नाही.

पुतण्याला मी शेवटी एवढेच सांगितले, "बाबा, तुझे हात जोडले गेले यात पाप नाही. सुंदर पाहून मन नमते, ती देवाचीच खूण. पण नमस्कार खांबापाशी थांबला तर तो अर्धा. खांबाला हात कोणाचे लागले आणि त्या हातांना आत जागा मिळाली का, हे विचारले म्हणजे तो पुरा होतो."

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. समोरचा कोण, कोठला, हे विचारीत नाही. हा आचार फक्त वाटेपुरता ठेवावयाचा नाही, तो गावी आणावयाचा आहे. आपला देव अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे. ती वीटही कोणीतरी थापली असेल, भाजली असेल. माझ्या दारापुढे आज नवे काम चालू आहे. काल संध्याकाळी मी तेथल्या गवंड्याला त्याचे नाव विचारले आणि येत्या एकादशीच्या भजनाला या म्हणालो. येईल की नाही, पांडुरंग जाणे. विचारावयास मात्र उशीर केला नाही.