आधी वाच, मग पैसे भर

सगळं खापर त्या तिकिटांच्या पोर्टलवर फोडून मोकळा होऊ नकोस. त्यांचा दोष किती आणि तुझा किती, ते आपण आज नीट बघू. दोन दिवस तू घरात, कट्ट्यावर, व्हॉट्सॲपवर सांगत सुटला आहेस की स्वस्त विमान तिकीट म्हणजे निव्वळ लूट. माझ्यासमोर हे चालणार नाही. सातवी ते दहावी मी तुला गणित शिकवलंय. तुझी बुद्धी मला ठाऊक आहे आणि तुझा आळसही. परीक्षेत प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहायला घ्यायचास, तेव्हा तुझेच मार्क जायचे. या वेळी तुझ्या सवयीची किंमत तुझ्या आईवडिलांनी भरली. म्हणून मी बोलणार आहे आणि तू ऐकणार आहेस.

आधी हिशेब मांड. पुणे ते वाराणसी, दिल्लीत विमान बदलून, आईवडील दोघांचं तिकीट. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात माणशी 4,299 रुपये. दोघांचे झाले 8,598. कुपन लावून 600 कमी, म्हणजे 7,998. इथवर तू खूश. पुढच्या पानावर कन्व्हिनियन्स फी माणशी 399, म्हणजे 798. विम्याच्या चौकोनात खूण आधीच केलेली होती, ती तू काढली नाहीस. माणशी 249, म्हणजे 498. दोन्ही विमानांत दोघांना शेजारी बसायला सीटचे 1,200. एकूण 10,494. आणि एकाच एअरलाइनचं, एकाच पीएनआरवरचं तिकीट त्याच दिवशी सगळं धरून 10,900 ला मिळत होतं. हे तूच नंतर मला मोबाइलवर दाखवलंस. फरक किती? 406 रुपये. माणशी 203. त्या 203 रुपयांसाठी तू काय सोडून दिलंस, ते आता ऐक.

तू एक प्रवास विकत घेतलाच नव्हतास. तू दोन वेगळ्या एअरलाइनची दोन स्वतंत्र तिकिटं घेतली होतीस. पोर्टलने ती एका चौकटीत एकाखाली एक दाखवली, पण खाली लिहिलं होतं की हा ‘सेल्फ ट्रान्सफर’ आहे. एका पीएनआरवर सगळा प्रवास असता, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय लावणं हे एअरलाइनचं काम होतं. सामानही साधारणपणे थेट वाराणसीला गेलं असतं. दोन वेगळ्या तिकिटांत दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुझे आईवडील फक्त वेळेवर न आलेले प्रवासी. ते का आले नाहीत, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. खाली लिहिलेलं ते एक वाक्य वाचायला तुला किती वेळ लागला असता?

बरं, तिकीट काढल्यावर तरी वाचलंस का? पहिलं विमान दिल्लीला 9.40 ला उतरणार होतं, दुसरं 12.50 ला सुटणार होतं. मध्ये तीन तास दहा मिनिटं. पुरेसे होते. पण प्रवासाच्या पंधरा दिवस आधी पहिल्या एअरलाइनने वेळ बदलली आणि उतरण्याची वेळ 11 झाली. तशी मेल आली होती. तुझ्या जाहिरातींच्या मेलच्या ढिगात ती न उघडता पडून होती. आता गणित कर. विमान 11 ला टर्मिनल 1 वर. पुढचं विमान टर्मिनल 3 वरून. दोन्ही टर्मिनल एका इमारतीत नाहीत. मध्ये काही किलोमीटरचा रस्ता आहे आणि बसने किंवा टॅक्सीने जावं लागतं. देशांतर्गत विमानाचं सामान घेणं साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे 11.50 ला. उरली पन्नास मिनिटं. त्यात पट्ट्यावरून बॅगा यायच्या, बाहेर पडायचं, बस शोधायची, पुन्हा रांग लावून आत जायचं. धडधाकट तरुणालाही हे जमलं नसतं. तुझ्या आईचे गुडघे दुखतात. तिच्यासाठी व्हीलचेअर हवी, असं तू पोर्टलच्या चॅटमध्ये लिहिलंस आणि गप्प बसलास. व्हीलचेअर एअरलाइनकडे मागायची असते, तीही निदान 48 तास आधी, आणि नोंद झाली का ते पीएनआर टाकून तपासायचं असतं. तुझी आई दोन बॅगा आणि गुडघ्याचा पट्टा सांभाळत टर्मिनल 3 ला पोचली, तेव्हा काउंटर बंद झालेलं होतं. तुझे वडील काउंटरवरच्या मुलीला हात जोडत होते. ज्यांनी आयुष्यात कधी कुणाकडे उधार मागितलं नाही, त्या माणसावर ही वेळ तू आणलीस.

आणि मग तू काय केलंस? घाबरून गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधलंस आणि वर दिसेल तो नंबर फिरवलास. पलीकडच्या माणसाने ‘रिफंडसाठी’ एक ॲप टाकायला सांगितलं, तू टाकलंस. त्यावरून तुझा स्क्रीन त्याला दिसू लागला आणि तुझ्या खात्यातून 13,000 रुपये गेले. हे चोर शोधयंत्रावर, नकाशांवर, सोशल मीडियावर खोटे नंबर पेरून बसलेले असतात आणि अडकलेल्या प्रवाशाची वाट बघत असतात. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस, बँक दर आठवड्याला मेसेज पाठवते. नंबर घ्यायचा तो तिकिटावरून किंवा एअरलाइनच्या स्वतःच्या ॲपमधून. पैसे गेले की त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावायचा. तासाभरात लावला, तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. तू संध्याकाळी लावलास, कारण मधल्या वेळात तू पोर्टलला शिव्या देणारी पोस्ट लिहीत होतास.

पोर्टलचा दोष नाही असं मी म्हणत नाही. विम्याची खूण आधीच करून ठेवणं, दर शेवटच्या पानापर्यंत थोडा थोडा फुगवत नेणं, खोटी घाई करणं, अशा 13 युक्त्यांची नावं घेऊन केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यांना मनाई केली. पण मनाई केली म्हणून त्या थांबत नाहीत. कुणीतरी तक्रार करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तू तक्रार केलीस? नाही. आणि ‘या दरात फक्त 2 सीट’ हे वाचून तुझा धीर सुटला, त्याचाही अर्थ समजून घे. विमानातल्या जागा एअरलाइन वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागते. स्वस्त गटातल्या दोनच जागा उरल्या असतील आणि तरी अर्धं विमान रिकामं असेल. हे वाक्य खरं असो वा खोटं, त्याचा उपयोग एकच, तुला वाचू न देणं. मंडईत मेथीची जुडी उलटून पालटून बघणारा तू, दहा हजारांची वस्तू एका अंगठ्याने घेतोस!

तुझी दुसरी चूक मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. नुकसान झाल्यावर तू हात झटकलेस. ‘नॉन-रिफंडेबल आहे, काही मिळणार नाही’ असं म्हणालास. कुणी सांगितलं तुला? विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा नियम आहे की प्रवासी विमानाला पोचला नाही, तरी सरकारी कर, युजर डेव्हलपमेंट फी, पॅसेंजर सर्व्हिस फी हे सगळं परत द्यावं लागतं. मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी, सवलतीचं तिकीट असलं तरी. तिकीट पोर्टलवरून काढलं असलं, तरी परताव्याची जबाबदारी एअरलाइनचीच, कारण पोर्टल हा तिचा एजंट. हे पैसे तुझ्या आईवडिलांचे आहेत आणि ते न मागता सोडून देणं हा उदारपणा नाही, आळस आहे. एअरलाइनने दाद दिली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागलं नाही, तर ग्राहक आयोग आहे.

स्वस्त तिकीट घेऊ नकोस, असं मी सांगत नाही. 2003 साली एअर डेक्कन आली आणि ज्यांनी विमान फक्त आकाशात पाहिलं होतं, अशी माणसं विमानात बसली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण सहा महिने आधी भरलेले पैसे म्हणजे एअरलाइनला दिलेली बिनव्याजी उधारी, हे लक्षात ठेव. जेट एअरवेजची उड्डाणं 17 एप्रिल 2019 ला थांबली, गो फर्स्टची मे 2023 मध्ये. आगाऊ तिकीट काढून बसलेल्यांचे पैसे त्यांच्या दिवाळखोरीत अडकले. म्हणून लांबचं तिकीट शक्यतो क्रेडिट कार्डाने काढ. बँकेकडे दाद मागायचा एक रस्ता उरतो. टेलिग्रामवर अर्ध्या किमतीत तिकीट देतो म्हणणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नकोस. असं तिकीट चोरलेल्या कार्डावर काढलेलं असू शकतं, किंवा पीएनआर नुसता राखून ठेवलेला असतो आणि पैसे घेतल्यावर तो आपोआप रद्द होतो. पीएनआर हातात आला की एअरलाइनच्या साइटवर टाकून बघ. तिथे ‘कन्फर्म’ दिसत नसेल, तर ते तिकीट नव्हे.

आता काम सांगते. आज रात्रीच दुसऱ्या एअरलाइनकडे करांच्या परताव्याचा अर्ज कर. 1915 वर विम्याची तक्रार नोंदव. आईवडिलांकडे जा आणि पोर्टलचं नाव न घेता त्यांची माफी माग. यापुढे तिकीट काढताना वही घेऊन बस आणि पैसे भरण्याआधी स्वतःच्या हाताने लिही: सगळं मिळून रक्कम किती, पीएनआर एक की दोन, विमानतळ आणि टर्मिनल कोणतं, कारण गोव्यात दाबोळी आणि मोपा आहेत आणि मुंबईच्या जोडीला आता नवी मुंबई आहे, रात्री बारानंतरचं विमान असेल तर तारीख नक्की कुठली, ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव भरलंय का, एअरलाइनकडे नंबर माझा गेला की पोर्टलचा, आणि रद्द केलं तर हातात काय येणार. यातलं एक उत्तर जरी कोरं राहिलं, तरी त्या बटणाला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्याचं तिकीट काढत असशील, आईवडिलांचं तर विशेषच, तर ते अनोळखी जागी अडकले तेव्हा त्यांच्या हाती तू नसतोस, फक्त तू काढलेलं तिकीट असतं. ते वाचायची जबाबदारी तुझी होती, आणि ती तू पार पाडली नाहीस.