‘तोच हा’ : बदललेल्या भागांची वस्तू

यंत्राचे भाग एकामागून एक बदलत गेले, तर शेवटी उरते ते मूळचेच यंत्र की दुसरे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी रथ आणि वस्त्र यांच्या निमित्ताने फार पूर्वी हाताळला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाकडून असे वदवून घेतात की, चाक, आस किंवा दांडी यांपैकी एकही रथ नसल्यामुळे ‘रथ’ ही केवळ प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारासाठी ठेवलेले नाव आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते मात्र अवयवी, म्हणजे भागांनी घडलेली अखंड वस्तू, भागांहून वेगळी व खरी असते. पण त्यामुळेच एक धागा काढला की जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उत्पन्न झाले, असे मानणे त्यांना भाग पडते. रोज वापरात असलेल्या वस्तूच्या बाबतीत हे दोन्ही निर्णय अपुरे वाटतात.

गोव्यातील पेडण्यात वायंगणी भातशेतीसाठी, म्हणजे पावसाळा संपल्यावर पाणी देऊन घेतल्या जाणाऱ्या पिकासाठी, चिखलणी करणाऱ्या पॉवर टिलरची वाकडी पाती पाहावीत. ती डावी आणि उजवी अशा दोन जातींची असतात, हातात घेतल्यास जवळजवळ सारखीच भासतात, आणि भोकेही जुळतात. तरीही डाव्या जागी उजवे पाते बसले, तर मातीसमोर धार न येता पाठ येते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 1969 पासून काही वर्षे बनवलेल्या ‘इलेक-ट्रॅक’ या विजेवर चालणाऱ्या बागेच्या ट्रॅक्टरात हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. त्यात 6 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या ओळीने जोडून 36 व्होल्टचा दाब मिळवला जातो, म्हणून एरवीच्या वाहनाचा 12 व्होल्टचा दिवा खोबणीत नीट बसला तरी जळून जातो.

शाब्दबोधाच्या, म्हणजे वाक्यार्थज्ञानाच्या विचारात यासाठी नेमका शब्द आहे : योग्यता. पदांना एकमेकांची आकांक्षा असली आणि ती लागोपाठ उच्चारली गेली, तरी कोणी विस्तवाने शेत शिंपतो असे म्हटल्यास व्याकरण बिनचूक राहून अर्थ जमत नाही. बसणे आणि जुळणे यांतला हा भेद जुन्या यंत्राचा सुटा भाग शोधणारा माणूस बोटांनी जाणतो, आणि म्हणूनच प्रतिमान-क्रमांकाची गंजलेली पट्टी तो आधी घासून वाचतो.

परंतु दोन मोडक्या टिलरांतून एक चालता टिलर उभा केला, तर योग्यता पूर्ण असूनही तो दोहोंपैकी कोणता, याचे उत्तर मिळत नाही. योग्यतेने वस्तू एक होते, ‘तीच’ होत नाही. तेच-पणासाठी खंड न पडलेली देखभाल लागते. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ 16व्या शतकात पोर्तुगीज राजवटीत पाडले गेले, लिंग डिचोलीतील नार्व्याला आणले गेले, 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे मंदिर बांधविले आणि 2023 मध्ये ते डागडुजीनंतर पुन्हा उघडले; बेट, भिंती, आश्रयदाते सगळे बदलले, तरी गाभाऱ्यासमोर हात जोडणारा भाविक दुसऱ्या देवापुढे उभा नसतो.