आवाज कुणाचा?

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा?’ अशी आरोळी उठते आणि पोरं आपापल्या कॉलेजचं नाव घेऊन छप्पर हलवतात. प्रश्न दिसतो सोपा. पण तो नीतिशास्त्रातला अत्यंत गहन प्रश्न आहे. आवाज करणाऱ्याचा, की ऐकणाऱ्याचा?

आमच्या भोरच्या दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्न कॉम्प्युटरने उपस्थित केला. चिरंजीव रात्री बसून लोकांच्या लग्नांच्या व्हिडिओंची काटछाट करतात. काम वाढलं की प्रोसेसर तापतो आणि त्याच्याबरोबर खोक्यातून आलेला तळहाताएवढा पंखा, वरंधा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या ट्रकसारखा कण्हायला लागतो. चिरंजिवांच्या कानांवर हेडफोन असतात. चार फुटांवरच्या कॉटवर आई झोपते. तिच्या कानांवर पदराशिवाय काही नसतं.

आता ‘चांगला कूलर घ्या’ असं तुम्ही म्हणाल. बाजारपेठेत कूलर म्हटलं की दुकानदार तीन बादल्या पाणी पिणारं, वाळ्याचे पडदे लावलेलं धूड पुढे करतो. ते खोली तरी गार करतं. प्रोसेसरचा कूलर तेही करत नाही. आत 65 वॅटची उष्णता तयार झाली की तो ती इमानेइतबारे उचलून खोलीत आणून टाकतो. आपला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटण्याची जी प्राचीन कला, तिचंच हे यांत्रिक रूप.

त्याची रचना मात्र वेल्ह्याच्या माणसाला सांगायला नको. तांब्याच्या बंद नळीतून हवा काढून घेतलेली असते आणि आत थोडंसं पाणी असतं. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना उष्णता देते आणि पुन्हा पाणी होऊन परतते. समुद्राची वाफ सह्याद्रीला धडकून तोरणा-राजगडावर कोसळते, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की नळीतलं पाणी घरी परत येतं. वेल्ह्याचं पाणी गुंजवणीतून नीरेत, नीरेतून भीमेत आणि पुढे कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जातं. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन उभ्याच.

आवाजाचं शास्त्रही मोठं उद्बोधक आहे. पंख्याचा वेग निम्मा केला, की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. आणि 10 डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. म्हणून 120 मिलिमीटरचा मोठा पंखा घ्यावा आणि सावकाश फिरवावा. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जिवाच्या आकांताने ओरडावं लागतं. लहान माणसाला मोठं पद मिळालं की काय होतं, ते आपण पाहतोच.

चार नळ्यांचा, मोठ्या पंख्याचा असा कूलर दोन हजारांच्या आसपास येतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे चॉकलेटी पंख्यांचे मोठे कूलर याच्या कित्येक पट महाग. पण 65 वॅटसाठी ते आणणं म्हणजे कढीपत्ता तोडायला कोयता. फक्त कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, ते आधी पट्टीने मोजावं. जुन्या पंख्यातली धूळ काढणं आणि सेटिंगमध्ये त्याचा वेग उतरवणं हे दोन फुकटचे उपायही आम्ही करून पाहिले. ट्रक घाट चढतच राहिला. फक्त मालाचं ओझं थोडं कमी झालं.

तेव्हा प्रश्न उरला दोन हजारांचा. चिरंजीव म्हणाले, “बाबा, आजीची काही तक्रार आहे का?”

आजीला विचारलं. ती म्हणाली, “मला मेलीला कसला त्रास? सवय झालीय. त्याचं काम होऊ दे.”

खटला निकालात निघाला. पण मला झोप येईना. सरकारच्या 2000 सालच्या ध्वनी नियमांत वस्तीसाठी रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे गल्लीतल्या लाउडस्पीकरला कायदा विचारतो. घरातल्या पंख्याला कोण विचारणार? आणि सवय म्हणजे संमती का? आईने कटकट केली असती, तर आम्ही दुसऱ्याच दिवशी कूलर आणला असता. ती सोशिक, म्हणून आमचे दोन हजार वाचले. तक्रारखोराला शांतता आणि सोशिकाला घरघर, हा आपला न्याय! आईच्या चांगुलपणावर आम्ही रोज रात्री काटकसर करत होतो.

“उद्या कुकरच्या शिट्टीचं काय? तुमच्या घोरण्याचं काय?” सौ.ने नेमका मुद्दा काढला. मुद्दा बिनतोड होता. जगातला सगळा आवाज काही विकत घेऊन बंद करता येत नाही. पण एक माप मला सापडलं: जो आवाज करतो त्याने तो एकदा ऐकणाऱ्याच्या जागेवर झोपून ऐकावा. त्या शनिवारी चिरंजिवांना हेडफोनशिवाय आजीच्या कॉटवर झोपवलं आणि कॉम्प्युटरला एक लग्न लावून दिलं. साडेबाराला ते उठून बसले आणि म्हणाले, “दोन हजारच ना?”

कूलर आला. पहिल्याच रात्री दीडच्या सुमाराला आई अंधारात उठून बसली. “लाइट गेली का रे?”

“नाही गं, चालू आहे. पंखा नवा आहे.”

ती बराच वेळ कान देऊन बसली. मग म्हणाली, “मोरीतला नळ ठिबकतोय. किती दिवस झाले कोण जाणे. नीट कर बाबा, झोप लागत नाही.”

कित्येक वर्षांतली तिची ही पहिली तक्रार. सकाळी चहाच्या आधी मी वायसर आणायला निघालो.